गाण्याची रॉयल्टी: गीतकार, संगीतकार आणि गायिकेने नाव नेमकं कुठे नोंदवायचं?

रानवाट_१४

तिघांचा गट आहे: एक गीतकार, एक संगीतकार, एक गायिका. मिळून १४ मराठी गाणी प्रसिद्ध झाली आहेत. त्यातली ९ डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी अॅपवर पोचवणारी कंपनी) स्वतःच सगळ्या अॅपवर टाकली आहेत. उरलेली ५ एका म्युझिक कंपनीला दिली. त्या करारात ‘एकरकमी मोबदल्यात सर्व हक्क कायमचे व जगभरासाठी कंपनीकडे’ असं वाक्य आहे आणि सही झालेली आहे. एकूण १४ पैकी ३ अभंग आहेत, शब्द तुकोबांचे आणि चाल नवीन.

विचारायचं असं:

आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व तिघांनीही घ्यायचं का? कंपनीला दिलेल्या पाच गाण्यांवर आता काहीच मिळणार नाही का? सदस्यत्वासाठी आधी दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसात गाण्यांची नोंदणी करावी लागते का? अभंगांच्या अर्जात गीतकार म्हणून कुणाचं नाव लिहायचं? आणि गणपतीत, लग्नात, ऑर्केस्ट्रात ही गाणी वाजतात त्याचे पैसे कुठून आणि कसे येतात?

डिस्ट्रिब्युटरकडून दर महिन्याला थोडी रक्कम येते. रॉयल्टी म्हणतात ती हीच का, हेही कळत नाही.

---

हिशेबवही

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. डिस्ट्रिब्युटरकडून येते ती फक्त ध्वनिमुद्रणाची रक्कम. शब्द आणि चाल यांचे पैसे त्यात नसतात. कित्येक कलाकार वर्षानुवर्षं ती रक्कम पाहून समजतात की आपल्याला सगळं मिळतंय.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणं नावाची एकच वस्तू नाही. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती, आणि संगीतकृतीच्या व्याख्येत गायचे शब्द मुद्दाम वगळलेले आहेत. त्या दोन्हींचं रेकॉर्डिंग ही तिसरी, स्वतंत्र कृती. शिवाय गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा सादरीकरणाचा हक्क वेगळा. म्हणून पैसेही तीन वाटांनी येतात.

शब्द आणि चाल: दि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. संस्था १९६९ ची आहे, मुख्यालय मुंबईत. २०१२ च्या दुरुस्तीनंतरची तिची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. इथे गीतकार, संगीतकार आणि त्यांच्याकडून हक्क घेतलेले मालक (म्युझिक कंपन्या, प्रकाशक) सदस्य असतात.

गायन आणि वादन: इसाम्रा. ही गायक-वादकांची सोसायटी, २०१३ मध्ये इस्रा या नावाने नोंदली गेली. तुमच्या गायिकेने एकही ओळ लिहिलेली किंवा चाल बांधलेली नसेल तर तिला आयपीआरएसमध्ये जागा नाही, तिचा अर्ज इथे. ज्यांनी बासरी, ढोलकी, तबला वाजवला तेही याच बाजूचे.

ध्वनिमुद्रण: मालक म्हणजे निर्माता. ज्याने रेकॉर्डिंगसाठी पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. कंपनीच्या पाच गाण्यांत तो कंपनी आहे. उरलेल्या नऊ गाण्यांचा निर्माता कोण हे आजच कागदावर आणा. स्टुडिओचं बिल एकाच्या नावाने, डिस्ट्रिब्युटरचं खातं दुसऱ्याच्या नावाने, खर्च तिघांचा, अशी अवस्था असेल तर पहिली मोठी रक्कम येईल त्या दिवशी भांडण ठरलेलं. एका पानाचा करार पुरतो. त्यात गाण्यांची नावं, प्रत्येकाचा ध्वनिमुद्रणातला हिस्सा आणि डिस्ट्रिब्युटरच्या खात्यातून पैसे किती दिवसांत वाटायचे एवढं हवं.

आयपीआरएसच्या वाटणीत अर्धा भाग शब्द-चालीच्या हक्कांच्या मालकाचा असतो आणि उरलेल्या अर्ध्यात गीतकार, संगीतकार निम्मे-निम्मे, म्हणजे शंभरात ५०, २५, २५. नऊ गाण्यांचे शब्द-चालीचे हक्क तुम्ही कुणालाच दिलेले नाहीत, म्हणून मालकाचा अर्धा भागही गीतकार आणि संगीतकार या दोघांचाच. नोंदणी करताना मालकाच्या रकान्यात डिस्ट्रिब्युटरचं नाव टाकू नका. ही चूक सर्रास होते, कारण अॅपवर ‘लेबल’ म्हणून तेच नाव झळकत असतं. डिस्ट्रिब्युटर हा पोचवणारा आहे, तो मालक होत नाही.

अजून एक. काही डिस्ट्रिब्युटर खातं उघडताना ‘पब्लिशिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ नावाची जादा सेवा देतात. तिथे खूण केली असेल तर शब्द-चालीची वसुली तुम्ही त्यांच्याकडे दिलेली आहे. वर आयपीआरएसलाही हक्क दिलात की एकाच गाण्यावर दोन दावे लागतात आणि दोन्ही रकमा अडकतात. आयपीआरएसच्या कागदावर सही करण्याआधी खात्यातला तो पर्याय तपासा, असेल तर लेखी रद्द करून घ्या.

कॉपीराइट ऑफिसची नोंदणी ऐच्छिक आहे. कृती निर्माण झाली की हक्क आपोआप येतो. नोंदणी वादात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कामी येते. शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५००, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. सोसायटीच्या सदस्यत्वाशी तिचा संबंध नाही. पैसे मोजकेच असतील तर ते तिथे घालू नका.

---

कलम_अठरा

पाच गाण्यांबद्दल. करारातलं ते वाक्य वाचून बहुतेक जण हात टेकतात, पण तिथे टेकायचं कारण नाही.

२१ जून २०१२ पासून कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ मध्ये काही परंतुकं (कलमाला जोडलेल्या अटी) आली. फिल्ममधल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टी मिळण्याचा हक्क सोडताच येत नाही, कुणाला देऊनही टाकता येत नाही. अपवाद दोनच: कायदेशीर वारस आणि कॉपीराइट सोसायटी (आयपीआरएससारखी नोंदणीकृत संस्था). सिनेमागृहात फिल्मसोबत गाणं वाजतं तेवढा वापर यातून वगळलेला आहे, बाकी टीव्ही, रेडिओ, मोबाइल, हॉटेल सगळं आत येतं. फिल्मबाहेरच्या गाण्यांसाठी याच धर्तीचं वेगळं परंतुक आहे आणि त्यात सिनेमागृहाचा अपवादही नाही. तुमची पाच गाणी त्याखाली येतात. हा हिस्सा ‘समान तत्त्वावर’ वाटायचा, आणि याच्याविरुद्ध काही लिहून दिलं असेल तर तेवढा भाग रद्दबातल ठरतो.

म्हणजे कंपनीकडे हक्क गेले हे खरं. ती गाणी तुम्ही परस्पर दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. पण वापरावर जमा होणाऱ्या रॉयल्टीतला लेखकांचा, म्हणजे गीतकार आणि संगीतकाराचा, अर्धा भाग तुमचाच राहिला. एकरकमी मोबदला हा हक्क देण्याची किंमत आहे, रॉयल्टीचा निकाल त्याने लागत नाही. ध्वनिमुद्रणाच्या मालकाला पैसे दिले की बाकी काही देणं लागत नाही, असं रेडिओ कंपन्यांनी लावून धरलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये आयपीआरएसच्या बाजूने अंतरिम आदेश दिला: ध्वनिमुद्रणाच्या मालकाला पैसे दिले म्हणून शब्द आणि चाल यांची रॉयल्टी टळत नाही.

करार समोर ठेवून आणखी चार गोष्टी पाहा.

मुदत लिहिलेली नसती तर ५ वर्षं धरली गेली असती, आणि प्रदेश लिहिलेला नसता तर फक्त भारत. तुमच्या करारात दोन्ही लिहिलंय, म्हणून हे दार बंद. पुढच्या करारात मात्र लक्षात ठेवा.

कंपनीने हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर तेवढे हक्क मुदतीनंतर लेखकाकडे परत येतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. तुमची पाचही गाणी बाहेर आलेली आहेत, पण पुढे दिलेलं एखादं गाणं कंपनीने बाहेरच काढलं नाही तर हे कलम, १९(४), उपयोगी आहे.

करार झाला त्या दिवशी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क मोघम वाक्याने जात नाहीत, त्या माध्यमाचा नावानिशी उल्लेख लागतो.

चौथी गोष्ट पुढच्यासाठी. सोसायटीचं सदस्यत्व घेतल्यावर त्या सदस्यत्वाच्या अटींविरुद्ध जाणारा करार कुणाशी केला तर तो कलम १९(८) प्रमाणे निरर्थक ठरतो. म्हणून सदस्यत्व आधी आणि पुढचा करार नंतर असा क्रम ठेवलात तर बाजू भक्कम होते.

गायिकेच्या बाबतीत कलम ३८अ आणि ३९अ वाचा. फिल्मसाठी गायला लेखी संमती दिली तरी व्यापारी वापरावरची रॉयल्टी तिला देय राहते, आणि कलम १८, १९ मधल्या तरतुदी योग्य त्या फरकाने कलाकारांच्या हक्कालाही लागू होतात. हा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं टिकतो.

---

रानवाट_१४

दोघांचेही आभार. आयपीआरएसचा अर्ज भरायला घेतला तर पहिल्याच पानावर अडलो. गीतकाराचं पॅनवरचं नाव तीन भागांचं आहे, गाण्यांवर मात्र आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच छापलंय, आणि दोन गाण्यांवर नुसतं टोपणनाव. कोणतं लिहायचं?

---

नोंदवही

अर्जात पॅनवरचंच नाव, अक्षरन् अक्षर तसंच. बाकीची दोन्ही रूपं टोपणनावाच्या रकान्यात. हे सहज सोडू नका, सगळी वसुली पुढे या एका ओळीवर चालते.

कारण असं. रेडिओ, टीव्ही किंवा अॅप सोसायटीला वापराची जी यादी पाठवतं तिच्यात गाण्याचं शीर्षक, गायक, रेकॉर्डिंगचा आयएसआरसी क्रमांक आणि किती वेळा वाजलं एवढंच असतं. गीतकाराचं नाव पुष्कळदा नसतंच. ती ओळ सोसायटीच्या नोंदीतल्या कृतीशी संगणकाने जुळवायची असते. जुळली तर पैसे तुमच्या खात्यात, नाही जुळली तर बाजूला पडून राहतात. हक्क असूनही पैसे न मिळण्याचं नेहमीचं कारण हे आहे. कायदा तुमच्या बाजूने कितीही असला तरी न जुळलेल्या ओळीचे पैसे कुणी देऊ शकत नाही.

तीन क्रमांक ओळखून ठेवा. आयपीआय हा माणसाचा क्रमांक. सदस्य झाल्यावर मिळतो, जगभरच्या सोसायट्या तुम्हाला त्यावरून ओळखतात, टोपणनावालाही त्याच व्यक्तीशी बांधलेला वेगळा क्रमांक असतो. आयएसडब्ल्यूसी हा कृतीचा, म्हणजे शब्द-चालीचा. टी या अक्षराने सुरू होतो. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा, १२ अक्षर-अंकांचा. भारतात त्याचं काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते, स्वतः गाणी टाकणाऱ्यांना तो डिस्ट्रिब्युटर देतो. एका कृतीची मूळ, लाइव्ह, रीमिक्स आणि अनप्लग्ड अशी चार रेकॉर्डिंग असतील तर आयएसडब्ल्यूसी एक आणि आयएसआरसी चार. कृतीची नोंद करताना चारही आयएसआरसी द्या. पहिलाच देऊन थांबलात तर बाकी तिन्हींचे पैसे जुळणार नाहीत.

सदस्यत्वासाठी पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश, फोटो आणि प्रसिद्ध झालेल्या कामाचा पुरावा तयार ठेवा. पुरावा म्हणजे गाण्याची लिंक, आणि त्यावर तुमचं श्रेय दिसायला हवं. श्रेय दिसत नसेल तर आधी डिस्ट्रिब्युटरकडून गीतकार-संगीतकाराचे रकाने भरून घ्या. त्यानंतर हक्क सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त येतो. तो नीट वाचा, कारण सही झाल्यावर सार्वजनिक सादरीकरणाचे परवाने देण्याचं काम सोसायटीकडे जातं.

सदस्य झालात म्हणजे गाणी नोंदली गेली असं नाही. हा दुसरा मोठा घोटाळा. प्रत्येक गाण्याची नोंद वेगळी करायची: शीर्षक, पर्यायी शीर्षक, गीतकार, संगीतकार, मालक, गायक, अल्बम, वर्ष, भाषा, कालावधी, आयएसआरसी, लिंक. शीर्षकाचं रोमन स्पेलिंग अॅपवर आहे तसंच ठेवा. ‘विठ्ठल’ लिहिताना टी एक की दोन, एच एक की दोन, ‘माझा’ला झेड की जे-एच, यावर जुळणी तुटते. सुचतील ती सगळी स्पेलिंगं पर्यायी शीर्षकांत टाका, मुखड्याची पहिली ओळही टाका. लोक गाणं पहिल्या ओळीनेच ओळखतात, रेडिओवरचा माणूसही तीच टाइप करतो.

हिश्श्यांची बेरीज १०० व्हायलाच हवी आणि दोघांनी सारखेच आकडे द्यायला हवेत. गीतकाराने एक आकडा दिला, संगीतकाराने दुसरा, की ती कृती वादात जाते आणि वाद मिटेपर्यंत कुणालाच काही मिळत नाही. गाणं बाहेर पडण्याआधी स्प्लिट शीटवर (कुणाचा हिस्सा किती ते लिहिलेला कागद) सह्या घ्या. संगीत संयोजकाचंही तिथेच ठरवा. त्याने पैसे घेऊन काम केलं असेल तर चालीत त्याचा हिस्सा धरत नाहीत, पण तसं पावतीवर लिहिलेलं असू द्या.

डिस्ट्रिब्युटर बदलणार असाल तर जुने आयएसआरसी सोबत न्या. नवीन क्रमांकाने तेच गाणं पुन्हा चढवलं की जुनी सगळी जुळणी तुटते, अॅपवरचे आकडेही शून्यावर येतात.

आता अभंग. तुकोबांचे शब्द सार्वजनिक मालकीचे आहेत, तिथे गीतकार म्हणून तुमच्या गटातल्या कुणाचंही नाव लावू नका. ‘संत तुकाराम’ लिहा आणि सार्वजनिक मालकी असल्याचं नमूद करा. चाल खरोखर नवी असेल तर संगीतकार पूर्ण हक्काने आपलं नाव लावेल. वारकरी फडावरची परंपरागत चाल घेऊन वाद्यमेळ नवा केला असेल तर चालीवर दावा करता येत नाही, संयोजन म्हणूनच नोंद करायची. आणि एकाच अभंगाला कितीतरी संगीतकारांच्या चाली असतात, सगळ्यांचं शीर्षक तेच. तिथे गायिकेचं नाव आणि आयएसआरसी दिला नाही तर तुमचे पैसे दुसऱ्याच्या नोंदीला चिकटतात.

कंपनीच्या पाच गाण्यांची नोंद बहुधा कंपनीने आधीच केलेली असेल. पुन्हा नवी नोंद करू नका. आधी शोधा, गीतकार-संगीतकाराच्या जागी बरोबर नावं आहेत का पाहा. रकाना रिकामा असेल किंवा भलतंच नाव असेल तर करार आणि प्रसिद्ध झालेलं श्रेय जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.

---

मांडवाखाली

उत्सव आणि लग्नांचं मी लिहितो.

सार्वजनिक मंडळाच्या स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं गाणं वाजतं तेव्हा दोन हक्क वापरले जातात, शब्द-चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. म्हणून परवानेही दोन. ऑर्केस्ट्रा मंचावर प्रत्यक्ष वाजवत असेल तर ध्वनिमुद्रणाचा परवाना लागत नाही, आयपीआरएसचा लागतो. पण गायक कराओके ट्रॅकवर गात असेल तर तो ट्रॅक हेही कुणाचं तरी ध्वनिमुद्रण असतं. आयोजक इथे हमखास चुकतात.

ध्वनिमुद्रणाच्या बाजूला चित्र सध्या गुंतागुंतीचं आहे. ध्वनिमुद्रणाचे परवाने देणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड, म्हणजे पीपीएल, १९४१ पासूनची आहे, पण आज ती नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नाही. ध्वनिमुद्रणांच्या वर्गासाठी आरएमपीएल (रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्स लिमिटेड) ही सोसायटी २०२१ मध्ये नोंदली गेली. पीपीएलला स्वतंत्रपणे परवाने देता येतात का, या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाचा एप्रिल २०२५ चा निकाल आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयोजकाने व्यवहारात एवढं करावं: परवाना देणाऱ्याकडून तो कोणत्या लेबलांसाठी आहे ती यादी लेखी घ्यावी, आणि वाजणारी गाणी त्या यादीत बसतात का ते आधीच पाहावं.

सवलती कलम ५२ मध्ये आहेत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या आणि सरकारी समारंभाच्या ओघात वाजलेल्या गाण्याला परवाना लागत नाही. धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळे धरलेले आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला कार्यक्रमही, शब्द आणि चाल यांच्यापुरता, सुटतो. पण सवलतीची रेषा कुठे संपते यावर भांडण आहे. गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढून लग्नसोहळ्यांत गाण्यांसाठी परवानगी मागू नये असं सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कायद्यात जेवढं आहे तेवढंच लागू, सरकारला परिपत्रकाने त्याची व्याप्ती वाढवता येत नाही. म्हणून ‘लग्न आहे, काही लागत नाही’ हे हॉटेलवाल्याचं तोंडी आश्वासन पुरेसं धरू नका.

तुमच्या कामाची गोष्ट: आयोजकाने परवाना घेतला म्हणजे पैसे आपोआप तुमच्याकडे येत नाहीत. कार्यक्रमात कोणती गाणी झाली ती यादी सोसायटीकडे जायला हवी. आयोजक ती देत नाही. म्हणून कलाकारानेच प्रत्येक कार्यक्रमानंतर तारीख, स्थळ, आयोजकाचं नाव, परवाना क्रमांक मिळाला तर तो, आणि गाण्यांची यादी क्रमाने कळवावी. मानधन ठरवतानाच आयोजकाला सांगून ठेवा की परवान्याची प्रत लागेल. स्वतःचीच गाणी स्वतःच गायली तरी यादी द्यायची.

---

जुनी_वही

याच धाग्यात विचारतो. गीतकार हयात नसतील तर वारसांना काय करता येतं? आणि हक्क किती वर्षं राहतो?

---

कलम_अठरा

शब्द आणि चाल: लेखकाच्या (गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या) हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींचा २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्यात शब्द आधी मोकळे होतील आणि चाल २५ वर्षं उशिरा, हे त्यामुळे घडतं. ध्वनिमुद्रणाचे ६० वर्षं मात्र प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, त्याचा मृत्यूशी संबंध नाही.

मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब वेगळा. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या. अशा कृतीला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे त्या २०१२ अखेर मोकळ्या झाल्या. त्या कवितांना नंतर कुणी बांधलेल्या चाली मात्र त्या-त्या संगीतकाराच्या हयातीवर चालतात. ‘शब्द मोकळे आहेत’ म्हणून प्रसिद्ध चाल उचलणं ही सरळ चूक आहे.

वारसांना सोसायटीत वारस म्हणून नाव नोंदवता येतं. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांचं ना-हरकत पत्र आणि गाण्यांची यादी लागते. सातबाऱ्यावरची वारस नोंद जमिनीपुरती असते, ती इथे चालवायचा प्रयत्न करू नका. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो. मृत्युपत्र असेल तर त्यात साहित्याच्या हक्काचा उल्लेख आहे का ते पाहा. नेमका कोणता कागद लागेल ते सोसायटीला आधी लेखी विचारा, न्यायालयाचा खर्च त्यानंतर करा. वारस अनेक असतील तर एकाला वसुलीसाठी नेमून बाकीच्यांनी हिस्से लिहून ठेवणं सोपं जातं.

हे काम गाण्यांच्या यादीपाशीच अडतं. जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर गायक आणि संगीतकार ठळक असतात, गीतकाराचं नाव बारीक किंवा गायब. रेकॉर्डच्या कव्हरचे फोटो, आकाशवाणीची करारपत्रं आणि मानधनाच्या पावत्या, त्या काळच्या मासिकातली छापील कविता, हे सगळं पुरावा म्हणून जमवा. वही हस्तलिखित असेल तर तिचं पानन् पान स्कॅन करून ठेवा.

---

दूरदेशी

परदेशातल्या कार्यक्रमांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या महाराष्ट्र मंडळात तुमची गाणी झाली तर तिथला सभागृहवाला किंवा आयोजक तिथल्या सोसायटीला पैसे भरतो. ते परस्पर कराराने आयपीआरएसकडे आणि तिथून तुमच्याकडे येतात. मधल्या प्रत्येक टप्प्यावर आयपीआय आणि आयएसडब्ल्यूसी नसेल तर रक्कम तिथेच राहते. यादी कार्यक्रमाच्या पुढच्या महिन्यातच द्या, तिकडच्या सोसायट्यांना दावे स्वीकारायची मुदत असते आणि ती सगळीकडे सारखी नाही.

परदेशी सोसायटीचंही सदस्यत्व घ्यावं असं कुणी सुचवलं तर आयपीआरएसच्या दस्तात प्रदेश कोणता लिहिलाय ते पाहा. जगभर लिहून दिलं असेल तर त्याच हक्कासाठी दुसरीकडे सही करता येत नाही.

कराचंही थोडं. रॉयल्टी देताना उगमकर (टीडीएस) १० टक्क्यांनी कापतात, पॅन नसेल किंवा आधारशी जोडलेलं नसल्याने निष्क्रिय झालं असेल तर २० टक्के. कापलेला कर फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. थोड्या रकमेसाठी कोण भरत बसणार म्हणून कित्येक कलाकार तो सोडून देतात. सोडू नका.

---

रानवाट_१४

खूप मोठी मदत झाली. शेवटचं एक. संगीतकाराचे कागद पूर्ण आहेत, गीतकाराचं पॅन दुरुस्तीला गेलंय, त्याला वेळ लागेल. संगीतकाराने एकट्याने सदस्य होऊन नऊ गाणी नोंदवून टाकावीत का, की थांबावं?

---

नोंदवही

थांबू नका. संगीतकाराने आत्ताच सदस्य व्हावं आणि नऊ गाणी नोंदवावीत. अभंग सोडून प्रत्येक गाण्यात गीतकाराचं पूर्ण नाव त्याच्या हिश्श्यासह लिहावं आणि तो अजून सदस्य नसल्याचं दाखवावं. गीतकाराचा रकाना रिकामा ठेवू नका आणि तात्पुरतं म्हणून संगीतकाराच्या नावावर शंभर टक्के टाकू नका. एकदा शंभरने वाटप झालं की ते पैसे परत फिरवून घेणं फार किचकट होतं, शिवाय गीतकाराचा अर्ज येईल तेव्हा तो स्वतःच्याच मित्राच्या नोंदीविरुद्धचा दावा ठरतो. पॅन हातात आलं की गीतकाराने अर्ज करावा आणि आयपीआय मिळताच नऊही नोंदींत तो जोडायला सांगावा. नऊ गाण्यांच्या नोंदीचे क्रमांक संगीतकाराने आजच एका कागदावर उतरवून त्याच्याकडे देऊन ठेवावेत.